कोण म्हणून विचारू नये

जाळीच्या दारातून आधी हात आला, माणूस मागाहून दिसला. हात स्वच्छ होता, आणि मिल्काला पहिल्यांदा खटकलं ते हेच. धुळवडीची सकाळ, सगळा लॅम रोड रंगलेला, दूधवाल्याच्या किटलीवरसुद्धा गुलाबी बोटं उमटलेली; आणि हा हात नुकता धुतल्यासारखा, नखं कापलेली, तळवा वर करून जाळीच्या फटीतून आत आलेला. पोस्त मागणाऱ्यांतला असेल असं तिनं स्वतःला समजावलं. सकाळपासून दोन टोळकी येऊन गेली होती, कागदी मुकुट घालून वीर झालेली लहान मुलंसुद्धा. तिनं दाराशेजारच्या स्टुलावरचं एक पाकीट उचललं. यंदा पुरीम, त्यांचा यहुदी सण, नेमका धुळवडीच्या दिवशी आला होता, आणि पुरीमला निदान दोन गरिबांना तरी दिवसाउजेडी द्यावंच लागतं. पाकिटात पुरणपोळी होती, द्राक्षांचा घोस होता आणि लिफाफ्यात थोडे पैसे. त्या दिवशी जो हात पुढे करील त्याला द्यायचं, तो कोण, कुठला, खरंच गरजू आहे की नाही हे विचारायचं नाही, असा नियम आहे. हेस्केल, तिचा नवरा, दर वर्षी तो नियम शाळेतल्या धड्यासारखा सगळ्यांना ऐकवायचा. मिल्का दर वर्षी ऐकायची, द्यायची, आणि देता देता समोरच्याच्या चपला बघून घ्यायची. तिनं पाकीट त्या हातावर ठेवलं. हात मिटला नाही.

"हे नको, बाई," माणूस म्हणाला. "आत पुरीम हाय ना आज?"

हा शब्द या रस्त्यावर कोणाच्या तोंडी नव्हता. शेजारच्या सुवर्णाताई इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होत्या, पण त्यासुद्धा 'तुमची होळी' म्हणायच्या, आणि मिल्काची आजीही अलिबागेकडे होळीचा सणच म्हणायची. पुरीम हा शब्द घरात बोलायचा. तो बाहेरून, जाळीपलीकडून, असा पेठ-सुरगाण्याकडच्या हेलात ऐकू आला तेव्हा आपल्या कपाटातली साडी दुसरीच्याच अंगावर दिसावी तसं तिला झालं. कोणी सांगितलं याला? मुंबईत त्या वर्षी यहुद्यांच्या घरावर हल्ला झाला, तेव्हापासून प्रत्येक सणाच्या आदल्या दिवशी चौकीतून फोन येत असे. कालही आला होता. हवालदार भारत चांगला माणूस होता, मुलीच्या लग्नाची पत्रिकाही देऊन गेला होता. "काकू, नवीन चेहरा दिसला तर लाजू नका, फोन करा." शिवाय बंगल्यावर डोळा असलेले दलाल होते. म्हातारा-म्हातारी, मुलगी तिकडे इस्राएलात अश्दोदला, पुढे कोणी नाही, हे त्यांना मिल्काच्या आधी समजलेलं होतं. मागच्या महिन्यात एकजण पाण्याचं मीटर बघायला म्हणून आला आणि खोल्या मोजून गेला.

"नाव काय तुझं?"

"धनराज."

"पुढे?"

"ते राहू द्या."

"राहू द्या म्हणजे? कुठून आलास?"

"पेठकडनं. एष्टीनं आलो पहाटेच्या." चाळिशी ओलांडलेला, काटक, उन्हात रापलेला माणूस होता. पांढरा शर्ट इस्त्रीचा. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यावर एक हात सतत ठेवलेला. कुत्र्याच्या पिलाला धरावं तसा.

तेवढ्यात आतून हेस्केल आला. त्यानं जाळी उघडली, माणसाकडे बघितलं, आणि मिल्काला वाटलं होतं तसं काहीच विचारलं नाही. नाव नाही, गाव नाही. नुसता बघत राहिला, जरा जास्तच वेळ, आणि मग घसा साफ करून म्हणाला, "ये. आत ये. नऊच झालोत आम्ही. तू बसलास तर दहा होतील."

दहा पुरुष जमले नाहीत तर सामुदायिक प्रार्थना पुरी होत नाही. कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठी उभं राहून म्हणायचं ते स्तोत्र, तेही म्हणता येत नाही. नाशकात त्यांची एवढीच घरं उरली होती आणि ती शनिवारी, सणावाराला याच दिवाणखान्यात जमायची. अंबडच्या कारखान्यातला एक, सातपूरचे दोन भाऊ, बाकीचे इथल्या लष्करी कॅम्पातलेच म्हातारे. दहावा होता तो दिवाळीनंतर मुलाकडे निघून गेला होता. तेव्हापासून प्रत्येक शनिवारी हेस्केल खिडकीशी उभा राहून म्हणायचा, "किती झालो?" आणि मिल्का त्याच खोलीत खुर्च्या पुसत असायची. लग्न झाल्यापासून ती हा प्रश्न ऐकत आली होती. तिला मोजायचं नसतं हे तिला ठाऊक होतं आणि तिनं कधी त्याचं वाईट वाटून घेतलं नव्हतं; निदान तसं ती समजत होती. पण दारातून आलेला कोणीही दहावा होऊ शकतो, त्याला टोपी असली की पुरे, हे तिला आज पहिल्यांदा कानात पाणी गेल्यासारखं बोचलं.

आणि त्या माणसानं नाही म्हटलं. "नाय काका. मला धरू नका त्यात. मी हितंच बरा." तो व्हरांड्यात चपलांच्या रांगेशेजारी, दाराला पाठ न लावता बसला, पिशवी मांडीवर घेऊन.

हेस्केलनं आग्रह केला नाही. तो आत गेला, आणि चर्मपत्राची जुनी गुंडाळी उघडून एस्तेरची कथा वाचू लागला. मिल्का स्वयंपाकघराच्या दारात बसली. तिथून तिला दिवाणखाना अर्धा आणि व्हरांडा पुरा दिसत होता. कथा तिला पाठ होती. शूशनचा राजा, त्याची नवी राणी, आणि ती कोणत्या जातीची हे तिनं कोणाला सांगितलेलं नाही. सांगू नकोस असं तिच्या चुलत्याच्या मुलानं, मोर्दखायनं, तिला बजावलेलं. लहानपणी मिल्काला या जागी नेहमी भीती वाटायची. एवढ्या मोठ्या वाड्यात एकीनं आपण कोण ते लपवून राहायचं, आणि कोणी विचारलंच तर? आज तिचं लक्ष गोष्टीत नव्हतं. ज्याला पुरीम ठाऊक आहे, तो दहावा व्हायला नको का म्हणतो? आपला असेल तर आत येईल. आपला नसेल तर आला कशाला? दारापाशी बसायचं कारण काय? दार उघडं ठेवायला? पिशवी खाली का ठेवत नाही? इतरांच्या चपला मोजतोय का? तिनं गॅस बंद केला, मग पुन्हा येऊन बंद आहे ना ते बघितलं. कटाच्या आमटीचा वास सगळ्या घरात भरला होता, मनुकांचं सरबत झाकून ठेवलेलं होतं, शुक्रवार असल्यानं मावळतीला शब्बाथ, शनिवारचा विसावा, लागायच्या आत जेवणं उरकायला हवी होती, आणि तिला मात्र आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखं अवघडायला होत होतं.

हामानचं नाव आलं की पाय आपटायचे, टेबलं वाजवायची, त्या दुष्टाचं नाव ऐकूच येऊ द्यायचं नाही, अशी रीत. हेस्केलनं पहिल्यांदा ते नाव घेतलं, दिवाणखान्यात गोंगाट झाला, पण त्याच्या क्षणभर आधी व्हरांड्यातून दोन पाय फरशीवर आपटल्याचा आवाज आला. बाकीच्यांचे पाय नंतर. त्याचे आधी. त्याला ते नाव कुठं येणार हे ठाऊक होतं. तो माणूस मान खाली घालून बसला होता, ओठ हलत नव्हते, पण पुढच्या वेळीही त्याचे पाय बरोबर पडले. शिकून आलाय, तिला वाटलं. कोणीतरी शिकवून पाठवलाय. इतकं शिकवलं तर नाव का नाही शिकवलं? डॅनियल म्हणता आलं असतं, सॉलोमन म्हणता आलं असतं. की धनराज म्हणणं हीच हुशारी? अडाणी दिसण्यात केवढी सोय असते. आपणही एकदा अडाणी दिसायचा प्रयत्न केला होता, हे तिला एकाएकी आठवलं आणि तिनं पदर घट्ट ओढून घेतला.

बावीस-तेवीस वर्षांची असताना ती तिकडे, इस्राएलला, मावशीकडे गेली होती. परत यायचंच नाही अशा बेतानं. तिथल्या एका कापडाच्या गिरणीत काम मिळालं, एका मुलाशी लग्न ठरलं. त्याचे आईबाप इराककडचे होते, तो हसला की त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. लग्नाची नोंद करायला गेले तेव्हा टेबलामागच्या माणसानं तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याचा आवाज इतका मऊ होता की काय विचारलं जातंय ते तिच्या उशिरा लक्षात आलं. तुझी आई कोण? तिची आई? तिच्या आईची आई? त्यांची लग्नं कुणी लावली? मध्ये कोणी बाहेरची आली नव्हती ना? मिल्काला आजी माहीत होती, आजीची आई 'मोठी आई' म्हणून माहीत होती. तिला दुसरं नाव असेल हे कधी मनातच आलं नव्हतं. ती म्हणाली, "आम्ही तेल काढायचो, शनिवारी घाणा बंद ठेवायचो, लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे." माणूस हसला आणि मान हलवली, म्हणाला, छान गोष्ट आहे, पण नावं? त्या वेळी तिनं भाषा कळत नसल्याचं सोंग घेतलं होतं. मुलगा शेजारी बसला होता. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात मघाशी नव्हतं असं काहीतरी आलं होतं. फार नाही, खाण्यात खडा लागल्यावर माणूस जेवढा थांबतो तेवढंच. लग्न मोडलं असं कोणी म्हटलं नाही. ती आईला भेटायला म्हणून आली ती राहिली, आणि हेस्केलशी लग्न करून नाशकात आली. त्या टेबलाबद्दल ती कोणाशी बोलली नव्हती. फक्त तेव्हापासून तिला माणसांकडे बघायची एक सवय लागली होती, आणि ती सवय त्या मऊ आवाजाच्या माणसाची होती.

व्हरांड्यातल्या माणसानं पिशवीत हात घातला. आत काहीतरी चाचपलं, हात तसाच ठेवला. मिल्का उठली, मागच्या खोलीत गेली आणि फोन केला.

भारत हवालदार मोटारसायकलवरून लगेच आला. एक गाल निळा होता, गणवेशावर शिंतोडे होते. त्यानं आवाज न चढवता विचारलं, "काय रे, कुठला तू? चल, दोन गोष्टी विचारायच्यात." धनराज उठला. त्यानं का म्हणून विचारलं नाही. त्यानं फक्त मिल्काकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, ओळख होती. हे असंच होणार हे माहीत असलेल्या माणसाची. आत वाचन चालू होतं. एस्तेरची कथा सुरू झाली की मध्ये थांबायचं नसतं, शब्द गाळायचा नसतो, बोलायचं नसतं. हेस्केलनं चष्म्यावरून मान वर केली, दारातून जाणारी पाठ बघितली, आणि पुढची ओळ वाचली. आवाज कापला नाही. थोडा मोठा झाला एवढंच.

वाचन संपलं. नऊजण होते, कद्दीश झालं नाही. कोणी त्या माणसाचा विषय काढला, कोणी म्हणालं बरं केलंत, दिवस बरे नाहीत. एकमेकांना द्यायची ताटं फिरली. मिल्कानं सगळ्यांना वाढलं, आणि आपलं ताट वाढायची वेळ आली तेव्हा तिला दिसलं की मघाचं ते पाकीट व्हरांड्यात, चपलांच्या शेजारी, भिंतीला नीट टेकवून ठेवलेलं आहे. द्राक्षंसुद्धा तशीच. "हे देऊन येते कोणाला तरी," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

चौकी दूर नव्हती. वाटेत मुलांनी तिला रंग लावला नाही. तिचा चेहरा बघून ती बाजूला झाली. चौकीत धनराज बाकावर बसला होता आणि टेबलावर पिशवीतलं सगळं काढून ठेवलेलं होतं: पाण्याची बाटली, दोन भाकरी, आणि एक पिवळट पडलेली शाल, काळ्या पट्ट्यांची, चारी कोपऱ्यांना गाठी मारलेल्या झिरमिळ्या. सिसीथ. प्रार्थनेच्या वेळी पुरुष खांद्यावर घेतात ती. भारत हवालदार ती काठीच्या टोकानं उलटून बघत होता, मळकी म्हणून नव्हे, काय आहे ते न कळल्यामुळे.

"काठी लावू नका," मिल्का म्हणाली.

"तुमचीच का काकू? चोरली म्हणता?"

"नाही. त्याची आहे." ती कशी त्याची, हे तिलाही माहीत नव्हतं. "माझीच चूक झाली. सोडा त्याला."

"नातं काय तुमचं? लिहून घ्यायला लागतं."

पुन्हा एक टेबल आणि त्यावर पुन्हा तोच प्रश्न. "आमच्याकडे आला होता सणाला," ती म्हणाली. "तेवढंच लिहा."

बाहेर रस्त्यावर आल्यावर तो शाल घडी करू लागला. त्याला ती घडी घालायची पद्धत येत होती. आधी अर्धी, मग गाठी आत. मिल्का शेजारी उभी राहिली. "वडलांची?" तिनं विचारलं.

"हं. पावसाळ्यात गेले. तोफखान्यात होते हितं, मंग नोकरी सोडून आईच्या गावाला आले. अक्काबाई माझी आई. भात लावायचे, वारली-कोकण्यांत राहायचे, पन शनिवारी काय हात लावायचे नाय कशाला. गाववाल्यांनी त्यांच्या रीतीनं मातीत दिलं. पन ही शाल घालायची राहिली, आमाला काय ठावं. याचं काय करत्यात, आन त्यांचं नाव कोनी घेतंय का, एवढंच इचारायला आलतो."

"मग दारात का नाही सांगितलंस?"

त्यानं पिशवी खांद्याला लावली. "मी लहान असताना बापानं मला आनलं व्हतं कॅम्पात, असाच सण व्हता, एका बंगल्यात. दारात त्यांच्या दोस्तानंच इचारलं, याची आई कोन. बाप तसाच मागं फिरला. पुन्ना गेला नाय कधी. पन म्हनायचा, पुरीमच्या दिशी जा. त्या दिशी हात पुढं करनाऱ्याला कोन म्हनून इचारत नाय. म्हनून आजच आलो." तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. "मला म्हाईत हाय, तुमच्यात मानूस आईकडनं धरत्यात. म्हनून म्हनलं, मला मोजू नका."

मिल्काला काहीतरी बोलायचं होतं. तिला सांगायचं होतं की मोठ्या आईचं नाव मलाही सांगता आलं नव्हतं. ते तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. त्या शालीचं खरं काय करायचं असतं, हेही तिला ठाऊक नव्हतं. हेस्केलला विचारायला हवं होतं, कुठल्या तरी पुस्तकात असणार. "ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "मुलाकडेच राहते ती." आपण हा नियम आत्ता केला, हे तिला कळलं, आणि ती तो मागं घेणार नव्हती. "घरी चल. जेव."

"नको. बस जाईल."

"मग नाव सांग. प्रार्थनेत लागतं. वडलांचं, आणि त्यांच्या वडलांचं." हे विचारताना आपला आवाज फार मऊ झालाय असं तिला जाणवलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. पण नावं हवीच होती, त्याला इलाज नव्हता. धनराजनं तिच्याकडे थोडा वेळ बघितलं. त्याला संशय आला होता, आणि ते ठीकच होतं.

"शालोम आवासकर," शेवटी तो म्हणाला. "आज्याचं नाव बिन्यामिन." पाकीट त्यानं या वेळी घेतलं. शहराकडे जाणारी बस आली, त्यात तो चढला, रंगलेल्या माणसांच्या गर्दीत तो एकटा पांढरा शर्ट थोडा वेळ दिसला.

घरी सगळे गेले होते. उन्हं कलली होती, हेस्केल उष्टी ताटं आवरत होता. असं तो कधी करत नसे. "हश्काबा म्हणायचाय," मिल्का म्हणाली. गेलेल्याच्या आत्म्याला विसावा मागायची ती प्रार्थना. तिला दहाजण लागत नाहीत. "शब्बाथ लागायच्या आत."

"कोणासाठी?"

"शालोम आवासकर."

हेस्केलनं हातातलं ताट खाली ठेवलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "कधी गेला?"

"पावसाळ्यात. ओळखत होतास?"

"कॅम्पात होता. बॅडमिंटन छान खेळायचा." मग थोड्या वेळानं, "बरेच जण होते तेव्हा."

"येणं का बंद झालं त्याचं?"

"आला नाही मग."

"आला नाही, की येऊ दिला नाही?"

तो पुस्तक आणायला वळला. मिल्का त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं की हा माणूस कोणाला काही विचारत नाही तो भोळेपणानं. सकाळी जाळी उघडून त्या चेहऱ्याकडे तो जास्त वेळ बघत राहिला होता, ते आता तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा आलं. आणि ती पाठ दारातून जाताना मोठा झालेला त्याचा आवाजही.

हेस्केल पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला, यरुशलेमच्या दिशेला. मावळतीचं ऊन खिडकीतून त्याच्या छातीवर येत होतं. तो वाचू लागला. मिल्का मागं उभी होती. प्रार्थनेत एका जागी थांबायचं असतं, आणि ज्याच्यासाठी म्हणायची त्याचं नाव बापाच्या नावासकट घ्यायचं असतं. बापाचं नाव तिनं अजून त्याला सांगितलं नव्हतं. ते जिभेवर घेऊन ती त्या जागेची वाट बघत होती, तो थांबेल, मागं वळून विचारील म्हणून.

तो थांबला नाही. "शालोम बेन बिन्यामिन," हेस्केलनं एका दमात म्हटलं, रोज घ्यावं इतक्या सवयीनं, आणि पुढं वाचत गेला.

प्रार्थना संपली. आमेन म्हणायला खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. हेस्केल वळला नाही, पुस्तकही मिटलं नाही, वाट बघत उभा राहिला. मिल्का त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत होती. मग आमेन म्हणाली.